कोरडवाहू मका: पाऊस सरीत धरा, केसराच्या दिवसांसाठी पाणी राखा

मे सरत आला की पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री या बाजूंनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "बोंडअळीने कपाशी नकोशी केली, यंदा मका घ्यायचाय. पण विहिरीला पाणी नाही. बेडवर लावू की सपाट?" कुणी सांगतो, शेजाऱ्याने बेडवर लावला आणि खंडातही त्याचा मका हिरवा राहिला. दुसरा सांगतो, मी बेड पाडले आणि माझाच आधी वाळला. खोटे कुणीच बोलत नसते. पहिल्याचे रान तीन फूट काळ्या मातीचे असते, दुसऱ्याचे फूटभर मातीखाली मुरूम असलेले.

म्हणून "कोणती पद्धत चांगली?" असे विचारू नका. "माझ्या जमिनीत पडलेले पाणी कुठे जाते?" हे आधी बघा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ४ हजार लिटर पाणी पडते. धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे एकरी २० ते २४ लाख लिटर. मक्याला लागणारे पाणी जवळपास तेवढेच आहे. अडचण अशी की हा पाऊस पंधरा-वीस मोठ्या सरींत येतो, त्यातला बराचसा बांधावरून नाल्यात जातो, आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत आभाळ कोरडे असते. पाणी वाचवणारी लागवड म्हणजे जुलैचा पाऊस ऑगस्टपर्यंत मातीत धरून ठेवणे. पिकाला पाणी कमी देणे हा तिचा अर्थ नाही.

आधी ठरवा: या रानात मका घ्यायचा की नाही

बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी टिकाव घेऊन शेतात जा. वरच्या बांधाजवळ, मध्ये आणि खालच्या अंगाला असे तीन खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते टेपने मोजा. अर्ध्या दिवसाचे हे काम पुढचे सगळे निर्णय सोपे करते.

- दीड फुटाच्या आत मुरूम लागला: दाण्यासाठी मका घेऊ नका. कोणतीही पद्धत वापरली तरी या मातीत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ओल टिकत नाही. बाजरी, मूग, मटकी, तीळ या रानाला शोभतात. जनावरांसाठी चारा हवा असेल तर थोडा मका टाका, पण कणसाचा हिशोब धरू नका.
- दीड ते अडीच फूट माती: मका घ्या, पण ८५ ते ९५ दिवसांत तयार होणाऱ्या लवकर वाणाचा. उताराला आडवी पेरणी आणि सरी हव्यातच.
- अडीच-तीन फुटांपेक्षा खोल काळी जमीन: रुंद वरंबा सरी, म्हणजे ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, ती इथे खरी कामाची. मध्यम कालावधीचे वाणही चालतील.
- चोपण किंवा खारवट जमीन: पाऊस थांबल्यावर दोन दिवस पाणी तसेच दिसत असेल तर मका टाळा. रोपावस्थेत मका साचलेले पाणी सहन करत नाही, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात.

हलक्या रानात मका घेऊ नका म्हटले की काही जण नाराज होतात, कारण मक्याचा भाव समोर दिसत असतो. इथेनॉलसाठी मागणी वाढली आहे, कोंबडीखाद्याला मका लागतोच, दोंडाईचाला स्टार्चचा कारखाना आहे. तरीही ज्या रानात बाजरी चार पोती हमखास देते तिथे मक्यासाठी बियाणे, खत आणि फवारणीचा खर्च घालणे हा जुगार आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने तो खेळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत आपल्याकडे दादर पिकत आली ती साठलेल्या ओलीवर. पाणी न देता ज्वारी पिकवणाऱ्यांना ओल धरणे म्हणजे काय हे वेगळे शिकवायला नको. मक्यात फरक एवढाच की दादर वाट बघते, मका बघत नाही.

मका नेमका कधी अडतो

पाण्याच्या दृष्टीने मक्याच्या चार नाजूक वेळा आहेत: रोप २५ ते ३० दिवसांचे असताना, ४५ ते ५० दिवसांनी तुरा निघताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात, आणि ७५ ते ८० दिवसांनी दाणे भरताना. हे दिवस मध्यम कालावधीच्या वाणाचे आहेत. लवकर वाणात सात-आठ दिवस अलीकडे धरा.

यातली तुऱ्यापासून केसर सुकेपर्यंतची वेळ सर्वांत महत्त्वाची. कोवळे कणीस हळूच सोलून बघा. बाहेर लोंबणारा प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला दिसेल. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर निघतो, पण केसर मागे राहते. केसर बाहेर येईपर्यंत पराग झडून गेलेला असतो. काढणीच्या वेळी शेंड्याकडे दोन-तीन बोटे रिकामे असलेले किंवा मध्येच दात पडल्यासारखे कणीस हातात आले तर अनेकदा त्यामागे याच दिवसांतला खंड असतो. महिनाभर आधी पडलेला ताण मका बराचसा भरून काढतो, हा मात्र भरून निघत नाही.

आता कॅलेंडर घ्या. २० जूनला पेरलेल्या लवकर वाणाचे केसर साधारण १० ते १५ ऑगस्टला येते, मध्यम वाणाचे २० ते २५ ऑगस्टला. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्या वर्षी शिंदखेडा आणि चाळीसगाव हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. खंड कोणत्या आठवड्यात येईल हे आधी कळत नाही. म्हणून चार-पाच एकर मका घेणार असाल तर सगळा एकाच कालावधीचा घेऊ नका. पेरणी एकाच आठवड्यात करा, पण अर्ध्या रानात लवकर आणि अर्ध्यात मध्यम वाण घ्या. केसर दोन वेगळ्या आठवड्यांत येईल आणि एकाच खंडात सगळे रान सापडणार नाही. पेरणी मात्र पुढे-मागे करू नका, त्याने लष्करी अळीला सलग कोवळा पाला मिळत राहतो.

ओल धरण्याच्या पद्धती

*रुंद वरंबा सरी (बीबीएफ).* ट्रॅक्टरचे यंत्र एकाच फेरीत वरंबा बनवते, त्यावर पेरते आणि दोन्ही बाजूंना सऱ्या पाडते. मक्यासाठी एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत ५ फूट (१५० सेंमी) अंतर ठेवा. साधारण साडेतीन फूट रुंदीच्या वरंब्यावर दोन ओळी घ्या, दोन ओळींत २ फूट (६० सेंमी) अंतर. सरी धरून ओळींची सरासरी ७५ सेंमी पडते. झाडांतले अंतर २० सेंमी.

बीबीएफमध्ये फसगत होते ती बहुतेक वेळा पुढच्या कारणांनी:

- यंत्र सोयाबीनला लावलेले तसेच मक्याला चालवले जाते. वरंब्यावर तीन-चार ओळी पडतात, झाडे दाट होतात आणि धरलेली ओल तीच आपसात वाटून संपवतात. भाड्याचे यंत्र आले की चालकाला आधी थांबवा, नको असलेल्या नळ्या बंद करायला लावा, बियाण्याची तबकडी मक्याची आहे का ते बघा, आणि पहिल्या वीस फुटांत माती उकरून बियाणे मोजा.
- सऱ्या उताराच्या दिशेने पाडल्या जातात, कारण ट्रॅक्टरला लांब तास सोयीचे पडते. अशी सरी पाणी धरत नाही, माती घेऊन पळते. सरी उताराला आडवीच हवी. काळ्या जमिनीत तिला अगदी सौम्य उतार द्या, १०० फुटांत सुमारे ६ इंच. जास्तीचे पाणी सावकाश बाहेर पडेल आणि बाकीचे मुरेल.
- सरीचे तोंड कुठे उघडते हे कुणी बघत नाही. ते गवत असलेल्या बांधावर किंवा चारीत निघायला हवे. जुलैत जोराचा पाऊस असतो तोवर तोंडे उघडी ठेवा. ऑगस्ट लागला, पावसाचा जोर ओसरला, की फावड्याने तोंडे बुजवा. पुढचा प्रत्येक पाऊस मग शेतातच राहतो. एका माणसाचे हे सकाळचे काम, पण फार थोडे जण करतात.

आडवी दिशा शोधायला यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वर बांधा, मध्ये आडवी काठी लावा, वरून दोरीला दगड लटकवा. सपाट जागेवर दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. शेतात चालवताना दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजा. त्या रेषेत चुना टाकत जा. दर पन्नास-साठ फुटांवर अशी एक रेषा आखली की पुरते.

*सपाट पेरा, नंतर सरी काढा.* ज्यांच्याकडे बीबीएफ पोहोचत नाही किंवा भाडे परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तिफणीने उताराला आडवी पेरणी करा, ओळींत अडीच फूट (७५ सेंमी) अंतर ठेवा. पीक ३० ते ३५ दिवसांचे झाले की शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या पात्याला जाड दोर गुंडाळा. माती दोन्ही बाजूंना ढकलली जाऊन ओळीला भर बसते आणि मध्ये सरी तयार होते. बळीराम नांगर असेल तर सरी आणखी चांगली पडते. खर्च जवळपास शून्य. मध्यम जमिनीत ही पद्धत मला महागड्या यंत्राइतकीच भरवशाची वाटते, कारण सरी नेमकी खंडाच्या तोंडावर तयार असते आणि भर बसल्याने वाऱ्यात झाड लोळत नाही.

*मृत सरी.* दर चार ते सहा ओळींनंतर वीतभर खोल एक सरी मोकळी ठेवायची, तिच्यात काही लावायचे नाही. सपाट पेरलेल्या रानात सगळीकडे सरी काढायला बैल किंवा वेळ नसेल तर निदान एवढे करा.

*सरीत आडवे बांध.* साक्रीच्या पश्चिमेकडे किंवा चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरउताराच्या मध्यम-हलक्या रानात सरीतही पाणी पळते. तिथे दर १० ते १५ फुटांवर सरीत मातीचा छोटा बांध घाला, उंची वरंब्यापेक्षा कमी. सरीत छोटे-छोटे हौद तयार होतात, जास्तीचे पाणी बांधावरून पुढच्या हौदात जाते. खोल काळ्या जमिनीत जुलैमध्ये हे करू नका, पाणी साचेल.

*आच्छादन.* भर दिल्यानंतर सरीत गव्हाचा भुसा, निंदलेले गवत, गिरिपुष्पाचा पाला, जे मिळेल ते अंथरा. रावेर-यावल बाजूला केळीची वाळलेली पाने मिळतात. वाळवी असलेल्या रानात आच्छादन खोडाला चिकटवू नका. आणि बी धरलेले गवत पसरू नका, पुढच्या वर्षी तेच निंदावे लागेल.

पेरणीच्या वेळचे निर्णय

पाऊस किती झाल्यावर पेरायचे? ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय नाही. ही गोष्ट दरवर्षी सांगावी लागते आणि दरवर्षी पहिल्या वळवावर तिफणी निघतात. मंडळाची पावसाची नोंद बघा, पण तिच्यावर थांबू नका, तुमच्या शिवारात ढग वेगळा पडलेला असतो. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा बनला आणि छातीएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर पेरा. गोळा बनलाच नाही तर थांबा. मध्यम-भारी रानात तो पडून चपटाच झाला तर अजून चिखल आहे.

पाऊस लांबला तर? १५ जुलैपर्यंत लवकर वाण पेरता येतो. त्यानंतर दाण्यासाठी मका पेरणे मी सुचवणार नाही. बाजरी, तूर, तीळ, सूर्यफूल याकडे वळा.

बियाणे आणि झाडांची संख्या. एकरी ६ ते ८ किलो बियाणे, खोली ४ ते ५ सेंमी. कोरडवाहूत एकरी २२ ते २६ हजार झाडे पुरेत. बागायतीच्या हिशोबाने ३३ हजार झाडे लावली तर खंडात सगळीच उपाशी राहतात. उगवणीनंतर १० ते १२ दिवसांनी विरळणी करून एका जागी एकच रोप ठेवा. मोजायचे असे: ७५ सेंमी अंतराच्या ओळीत ५ मीटर ४० सेंमी लांबीची दोरी टाका आणि तेवढ्यातली रोपे मोजा. आलेला आकडा गुणिले १,००० म्हणजे एकरातली झाडे. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

उगवण घरी तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, आठवड्याने मोजा. संकरित मक्याची उगवण किमान ९० टक्के असायला हवी.

खत. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. स्फुरद आणि पालाश पेरणीसोबत पूर्ण द्या. नत्राचे तीन भाग करा: पेरणीला, ३० दिवसांनी, आणि ४० ते ४५ दिवसांनी. कोरडवाहूत दुसरा-तिसरा हप्ता तारखेवर देऊ नका, ओलीवर द्या. कोरड्या मातीवर फेकलेला युरिया काही हवेत जातो, काही पडून राहतो. पाऊसच आला नाही तर तिसरा हप्ता वाचवा, ते तुमचे पैसे आहेत.

आंतरपीक आणि तणनाशक यांत गल्लत नको. मक्यात उडीद, मूग किंवा चवळीची ओळ घेतली तर जमीन लवकर झाकली जाते आणि मका गेला तरी घरात काही येते. मात्र मक्यात सर्रास मारले जाणारे ॲट्राझीन या कडधान्यांना मारते. आंतरपीक घ्यायचे असेल तर ॲट्राझीन नाही. एकट्या मक्यात वापरणार असाल तर पेरणीनंतर दोन दिवसांत, जमिनीत ओल असताना, लेबलवरच्या मात्रेत मारा. तणनाशक मारले म्हणून कोळपणी सोडू नका. कोळप्याने वरच्या भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडून जात नाही. जुनी माणसे एका कोळपणीला अर्धे पाणी धरत, ते अनुभवाचे बोल आहेत.

खंड पडला तर काय करायचे

पाने वाचायला शिका. भर दुपारी पाने सुरळीसारखी वळली आणि संध्याकाळी उघडली तर घाबरू नका, झाड पाणी जपते आहे. सकाळी नऊ-दहालाच पाने वळलेली दिसली तर मुळांजवळची ओल संपत आली. आणि पहाटेही पान उघडले नसेल, त्याला निळसर करडी झाक आली असेल, तर तुमच्या हातात दोन-तीन दिवस आहेत.

- पहिल्या आठवड्यात हलकी कोळपणी करून भेगा बुजवा, तण काढा, सरीत आच्छादन टाका.
- दहा-बारा दिवस झाले तर १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५), म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. यामुळे झाड थोडे सावरते, मुळाला पाणी मिळत नाही. बाटलीवर काहीही लिहिलेले असो, फवारणीने पावसाची जागा भरून निघत नाही.
- पाणी देण्याची सोय असेल तर पुढचा हिशोब करून द्या.

एका पाण्याचा हिशोब. एका एकराला ५० मिलिमीटरचे पाणी द्यायचे तर २ लाख लिटर लागतात. १५ बाय १५ मीटर आणि ३ मीटर खोल, एकास एक उताराच्या काठांचे शेततळे पूर्ण भरले तर सुमारे ४ लाख ४० हजार लिटर धरते. बाष्पीभवन आणि झिरपा वजा करा. म्हणजे असे तळे दीड-दोन एकरांना एक पाणी देते. चार एकर मका पेरून या तळ्यावर भरवसा ठेवणे म्हणजे चारही एकर अर्धवट भिजवणे. त्यापेक्षा खोल मातीचे दोन एकर निवडा आणि पाणी तिथेच, केसराच्या आठवड्यात द्या. मका ३० दिवसांचा असताना वळलेली पाने बघून जीव तुटतो आणि तळे रिकामे केले जाते. तेव्हा हात आवरणे फार अवघड आहे हे मला माहीत आहे, तरीही आवरा.

पाणी एकाआड एक सरीतून द्या, सगळ्या सऱ्या भरू नका. पाणी बरेच वाचते आणि बाजूच्या मुळांपर्यंत ओल पोहोचते. ठिबक असेल तर ६० सेंमीच्या जोडओळीत मधोमध एक नळी, दोन नळ्यांत १५० सेंमी. ज्या जळगावातून ठिबकच्या नळ्या देशभर गेल्या तिथे कोरडवाहू मक्यासाठी ठिबक घ्यावे का, असे विचारले तर माझे उत्तर: केवळ मक्यासाठी नाही. त्याच नळ्यांवर पुढे हरभरा किंवा भाजीपाला होणार असेल तर जरूर.

लष्करी अळी. २०१८ मध्ये आलेली ही अळी कोरड्या वर्षात जास्त छळते. पोंग्यात ओला भुसा दिसला, पानांवर खिडक्यांसारखे चट्टे दिसले, की समजा. लवकर पकडण्यासाठी एकरी पाच कामगंध सापळे लावा, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक कीटकनाशक घ्यायची वेळ आली तर लेबलवर मका आणि ही अळी दोन्ही छापलेले असेल तेच घ्या, आणि फवारा पोंग्यात पडेल असा मारा.

पीक हाताबाहेर गेले तर वेळेवर चाऱ्याला कापा. इथे एक धोका आहे. युरिया भरपूर दिलेला आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेला हिरवा मका जनावरांना घातक ठरतो, त्यात नायट्रेट साठलेले असते. खंडानंतर पाऊस पडला की लगेचचे काही दिवस तर मुळीच घालू नका. मुरघास केला तर हा धोका बराच कमी होतो. उपाशी जनावराला एकदम हिरवा मका टाकू नका, कोरड्या कडब्यात मिसळून थोडा-थोडा द्या.

योजना आणि तुमचे हक्क

- ठिबक-तुषार: 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते.
- शेततळे: त्याच राज्य योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार ७५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते.
- बीबीएफ यंत्र: कृषी यांत्रिकीकरणातून अर्ज करता येतो. जळगाव जिल्ह्यातले गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात असेल तर कृषी सहायकाकडे तिथली सोयही विचारा.

हे अर्ज महाडीबीटीवर होतात. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका किंवा खोदकाम सुरू करू नका. आधी बिल फाडले तर अनुदान अडते, आणि याच कारणाने अनेकांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. फार्मर आयडी काढून ठेवा.

बियाणे उगवले नाही तर: बिल, पिशवी, तिच्यावरचे टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवलेले असेल तरच तुमची बाजू उभी राहते. तक्रार लेखी करा, पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समितीने शेतात येऊन पंचनामा करायचा असतो. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका, आणि त्याची प्रत मागून घ्या. ग्राहक आयोगात दाद मागताना तोच कागद लागतो.

पीकविमा: २०२३ च्या खरिपात सुरू झालेला १ रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या मक्याला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता तुम्हाला भरावा लागतो आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते. म्हणजे एकट्या तुमच्या रानात नुकसान झाले आणि मंडळाचे उत्पादन बरे आले तर हातात काही येणार नाही, हे धरूनच हप्ता भरायचा की नाही ते ठरवा. गावात कापणी प्रयोग होत असेल तर तिथे हजर राहा. विमा घ्या अथवा घेऊ नका, ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर मका नसेल तर नुकसानभरपाई आणि हमीभावाची विक्री दोन्ही अडतात.

विक्री: २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आहे. सरकारी खरेदीसाठी ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा. कणसे झाडावर चांगली वाळू द्या, मळणीनंतर दाणे दोन-तीन दिवस ताडपत्रीवर पसरा. बाजार समितीत ओलावा मापकावर मोजून मागा, दाणा दाताखाली धरून केलेली कपात मान्य करू नका. वजन काट्यावरच करून घ्या आणि हिशोबपट्टीशिवाय माल सोडू नका.

काढणीनंतर लगेच

खोल काळ्या रानात मका सप्टेंबरअखेर निघाला आणि परतीचा पाऊस झाला तर हरभऱ्याची संधी असते. ती चार-सहा दिवसांत हातची जाते, कारण काळी जमीन भेगाळायला लागली की ओल खालपर्यंत उडते. कणसे खुडून झाली की धाटे कापून बांधावर रचा आणि त्याच दिवशी, जमले नाही तर दुसऱ्या दिवशी, रानावर वखर फिरवा. नांगरू नका, नांगरटीने वर आलेली ओल वाया जाते. मग पुन्हा वीतभर उकरून मूठ दाबून बघा. गोळा होत असेल तर हरभरा पेरा. नसेल तर वखरून तसेच ठेवा, बियाणे घालू नका.